बाबांना रेस ट्रॅकवर गाडी चालवायची भेट द्यायची आहे : गुपचूप की सांगून?

अनवट

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बाबांना ६७ पूर्ण होतील. दर वाढदिवसाला शर्ट नाहीतर घड्याळ येतं, ते "कशाला उगाच" म्हणतात आणि वस्तू कपाटात जाते. यंदा मी आणि ताईने ठरवलंय, वस्तू नकोच. रेस ट्रॅकवर स्पोर्ट्स कार चालवायचा अनुभव भेट म्हणून घेता येतो, तो द्यावा असं डोक्यात आहे.

बाबा फॉर्म्युला वनची शर्यत सहसा चुकवत नाहीत. टीव्हीसमोर बसले की उजवा पाय जमिनीवर दाबत असतात. वळण आलं की "आता ब्रेक... आता" असं पुटपुटतात, आणि कुणी उशिरा ब्रेक मारून बाहेर गेला की आमच्याकडे अशा नजरेने बघतात की जणू त्याने यांचा सल्ला घ्यायला हवा होता. स्वतः मात्र आयुष्यभर गाडी इतकी सांभाळून चालवली की मागे झोपलेलं पोर कधी जागं झालं नाही. वेगाची हौस रस्त्यावर काढली नाही, आम्हालाही काढू दिली नाही.

आता प्रश्न. फिरायला जाऊ म्हणून गाडीत बसवायचं आणि थेट ट्रॅकच्या फाटकाशी उतरवायचं असा माझा बेत आहे. ताई म्हणते हा वेडेपणा आहे, आधी सांगू. शिवाय स्वतः चालवू द्यावं की कसलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवून फेरी मारून आणावी? त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि एक गुडघा कुरकुरतो. बाकी ठणठणीत.

कुणी आईवडिलांना असं काही दिलंय का?

गोगलगाय

बाबा ट्रॅकवरही प्रत्येक वळणाला इंडिकेटर देणार. लिहून ठेव.

चक्रम

आणि मागून फेरारी आली की काच खाली करून हाताने "जा बाबा पुढे" करणार.

पाऊलवाट

अनवट, कल्पना झकास आहे. आम्ही सासऱ्यांना दिली होती, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. आम्ही हौसेने एक सीटवाली, उघड्या चाकांची रेसिंग गाडी निवडली. दिसायला अगदी टीव्हीवरच्यासारखी. सासरे उंच आणि पोटाने भरलेले. त्या गाडीत बसायचं म्हणजे सीटवर उभं राहून दोन्ही बाजूंना हात टेकून पाय पुढच्या बोगद्यात सरकवायचे. पाय गेले, गुडघे गेले, पुढे कंबर काही जाईना. तिथली मुलं फार अदबीने वागली, पण सगळ्यांसमोर एका वडीलधाऱ्या माणसाला गाडीतून उपसून काढावं लागलं हे खरंच. नंतर छपराची दुसरी गाडी दिली आणि ते मजेत चालवून आले, तरी घरी विषय निघाला की आधी तेच आठवतं.

तेव्हा उंची, वजन आणि गुडघा किती वाकतो हे बुकिंगच्या वेळी सांगा. बहुतेक ठिकाणी मर्यादा लिहिलेल्या असतात, आपण त्या वाचत नाही.

तिरपागडे

मी विरोधी सूर लावतो. ही हौस बाबांची की तुमची? टीव्हीवर शर्यत बघणाऱ्या प्रत्येकाला ट्रॅकवर जायचं असतं असं थोडंच आहे? कुस्ती बघणारा लंगोट लावून आखाड्यात उतरतो का? हल्ली "अनुभव भेट द्या" म्हणून बाजार तापलाय. हाती काय येतं तर थोड्या फेऱ्या, एक प्रमाणपत्र आणि हेल्मेटमधला फोटो. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून एक पूर्ण शर्यत बघा, फोन बाजूला ठेवून.

चक्रम

तिरपागडे, तुमच्या मुलांनी तुम्हाला काय दिलं होतं गेल्या वाढदिवसाला?

तिरपागडे

शर्ट. मापाचा होता. वापरतो.

ओलीमाती

@तिरपागडे, हौस कुणाची हे आधी कळतच नाही, त्याचाच किस्सा आहे आमच्याकडे. भेट बाबांना होती, आई प्रेक्षक म्हणून आली. बाबांनी फेऱ्या मारल्या, उतरले, "छान आहे" म्हणाले. मग आईने तिथल्या माणसाला सहज विचारलं की अजून एक जागा आहे का. एकाने आयत्या वेळी रद्द केलं होतं, जागा होती.

माझ्या आईने आयुष्यभर गाडी चालवली ती ऑफिस, शाळा, दवाखाना अशीच. कधी त्याबद्दल बोलली नाही. बाबा बोलायचे, आई चालवायची. पहिली फेरी हळू गेली, दुसरीपासून ती वळणावर ठेवलेल्या शंकूंना धरून अशी वळायला लागली की शेजारचा प्रशिक्षक नुसता हात मांडीवर ठेवून बसला. उतरल्यावर त्याने बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की यांना ब्रेक कुठे मारायचा हे सांगावं लागत नाही. बाबांचं म्हणणं आजही असं आहे की त्यांना दिलेल्या गाडीचे टायर थंड होते, म्हणून पकड मिळाली नाही.

अनवट, आईलाही विचारा. निदान दोघांची जागा आहे का ते बघून ठेवा.

गोगलगाय

थंड टायर! दंडवत बाबांना. हे कारण मी ऑफिसात वापरणार.

पिटलेन

धागा आज पाहिला. मी सुट्टीच्या दिवशी एका ट्रॅकवर प्रशिक्षक म्हणून शेजारच्या सीटवर बसतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी तिथला क्रम. परवाना तपासतात, जबाबदारीच्या कागदावर सही घेतात, मग एका खोलीत बसवून झेंडे आणि नियम सांगतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. मग हेल्मेट. बऱ्याच ठिकाणी आधी साध्या गाडीतून ट्रॅक दाखवून आणतात आणि मगच चावी देतात. ब्रेक कुठे, वळायला सुरुवात कुठे, आतली कड म्हणजे एपेक्स कुठे, बाहेर कुठे पडायचं, या सगळ्या जागी शंकू ठेवलेले असतात.

वयस्कर लोक ट्रॅकवर वाईट चालवतात असं कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. मला सगळ्यात जास्त घाम फोडतात ती गेम खेळून आलेली पंचविशीची पोरं. साठीच्या पुढची माणसं ऐकतात, स्टिअरिंग हळुवार फिरवतात, त्यांना कुणाला काही दाखवायचं नसतं. त्यांची अडचण वेगळीच असते. ते ब्रेक पुरेसा दाबत नाहीत. आयुष्यभर शेजारच्याला हिसका बसू नये म्हणून ब्रेक हलका हलका मारलेला असतो. ट्रॅकवर उलटं: सरळ रेषेत असतानाच ब्रेक जोरात दाबायचा आणि वळण जवळ येईल तसा हळूहळू सोडायचा. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. २०० वरून १०० वर यायचं म्हणजे पाऊण ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवायची. हलक्या पायाचं ते काम नाही. बाबा टीव्हीसमोर जमिनीवर पाय दाबतात ना, तसाच दाबायचा असतो.

दुसरी अडचण नजरेची. रस्त्यावर आपण पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघतो. ट्रॅकवर ब्रेक मारतानाच नजर एपेक्सवर न्यायची, एपेक्सला पोहोचेपर्यंत नजर बाहेर पडायच्या जागेवर. जिथे बघाल तिथे गाडी जाते, भिंतीकडे बघितलंत तर भिंतीकडेसुद्धा.

स्वतः चालवणं की शेजारी बसणं? स्वतः चालवणं, नक्की. शेजारी बसवून व्यावसायिक ड्रायव्हर जी फेरी मारतो ती थरारक असते, पण त्यात आपण सामान. आणि खूप जणांना त्यातच मळमळतं. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी माहीत असतं म्हणून त्याचं शरीर तयार असतं, शेजारच्याचं नसतं. घ्यायचीच असेल तर ती फेरी शेवटी ठेवा. आधी घेतली आणि पोट ढवळलं तर नंतरचं चालवणं वाया जातं.

अजून एक. ट्रॅकवरून घरी परतताना गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवा. बाबा कितीही "मी चालवतो" म्हणाले तरी. वेगाचा अंदाज थोडा वेळ बिघडलेला असतो, ८० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं.

हळद

पिटलेन, तुमच्याकडेही ब्रेक असतो का शेजारी? ड्रायव्हिंग स्कूलसारखा?

पिटलेन

काही गाड्यांत बसवलेला असतो. बऱ्याच महागड्या गाड्यांत नसतो. तिथे आवाज, हात आणि देव.

वैद्यबुवा

रक्तदाबाबद्दल. गोळीने आटोक्यात असेल तर बहुतेकांना अडचण येत नाही, पण हे मी इथून ठरवणार नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकताच होऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा स्टेंट, फिट्स, मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरांचा होकार येईपर्यंत तारीखच घेऊ नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा. बसून चालवायचं असलं तरी उत्साहाने नाडी चांगलीच वाढते.

मानेचं विशेष सांगतो. डोकं साधारण पाच किलोचं, त्यावर दीडेक किलोचं हेल्मेट. रस्त्यावरचे टायर लावलेली चांगली स्पोर्ट्स कार वळणात १ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराच्या आसपास जाते, म्हणजे तेवढंच वजन आडवं ओढलं जातं. काही फेऱ्यांपुरतं काही नाही, पण मान आधीच धरलेली असेल तर दुसऱ्या दिवशी कळतं.

त्या दिवशी सकाळच्या गडबडीत गोळी चुकवू नका. उपाशी जाऊ नका, तडस लागेपर्यंत खाऊनही जाऊ नका. पाणी पीत राहा, हेल्मेटमध्ये घाम बराच येतो.

आणि सरप्राइझचं उत्तर यातच आहे. तब्येतीच्या घोषणेवर सही त्यांनाच करायची आहे. दारात उतरवून हातात पेन दिलं तर माणूस भिडेपोटी सही करतो.

तिरपागडे

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाकीच्यालाही जवळजवळ.

बारीकनजर

आता कंटाळवाणं पण कामाचं. भेटपत्राची मुदत बहुतेक वेळा खरेदीच्या तारखेपासून मोजतात, वाढदिवसापासून नाही. कुणाच्या नावावर आहे आणि नाव बदलता येतं का ते बघा. "इतक्या फेऱ्या" लिहिलं असेल तर त्यात पिटमधून बाहेर पडायची आणि परत यायची फेरी धरली आहे का, आणि ट्रॅक पूर्ण लांबीचा आहे की आखूड केलेला, हे लेखी विचारा. पावसात सहसा रद्द करत नाहीत, धुक्यात करतात. गाडीला काही झालं तर किती रक्कम आपल्या माथी, आणि जास्तीचे पैसे भरून ती कमी करता येते का? आपला नेहमीचा वाहन विमा ट्रॅकवर सहसा लागू नसतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. आणि परवाना मूळ लागतो, फोनमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका.

फुकटफौजदार

माझा अनुभव कडू आहे. जाहिरातीत ट्रॅक, प्रत्यक्षात जुनी धावपट्टी. सपाट डांबर, त्यावर शंकू मांडलेले. ना चढ ना उतार, ना प्रेक्षकांचे कठडे. वडील काही बोलले नाहीत, पण मला फसवल्यासारखं वाटलं.

जुनाट

फुकटफौजदार, इंग्लंडमधला फॉर्म्युला वनचा ट्रॅक सिल्व्हरस्टोनसुद्धा मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानतळच. १९४८ मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या आणि १३ मे १९५० ला फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पहिली शर्यत तिथेच झाली. धावपट्टीला नाकं मुरडू नका. नवशिक्यासाठी तर बरीच, घसरला तरी आपटायला काही नसतं. फसवणूक जाहिरातीत होती, डांबरात नव्हती.

फुकटफौजदार

हे वडिलांना सांगतो. त्यांना बरं वाटेल. मला नाही वाटलं.

चक्रम

लहान कशाला, मोठंच करा. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकला घेऊन जा बाबांना!

पिटलेन

पहिल्या वेळी नको. जुना वळसा, म्हणजे नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरचा आहे, वळणं सत्तरच्या वर, चढउतार साधारण तीनशे मीटरचा. १९२७ चा ट्रॅक, कठडे रस्त्याला चिकटून. फॉर्म्युला वनचा जगज्जेता जॅकी स्टुअर्टने त्याला "हिरवा नरक" म्हटलं ते उगाच नाही. लोकांसाठी खुला असतो तेव्हा तो कायद्याने टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो. शेजारी प्रशिक्षक नाही, मागून कोण किती वेगात येतोय ठाऊक नाही, आणि कठडा वाकवलात तर त्याचं बिल तुम्हाला. बघायला जरूर जा.

हळद

मग त्यापेक्षा गो-कार्ट बरी नाही का वडिलांना? छोटी, जमिनीलगत, वेगही कमी.

पिटलेन

वाटतं तसं नाही. कार्टला सस्पेन्शन नसतं. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात, आणि वळणात सीटची कड बरगड्यांत रुतते. गुडघे दुमडून बसावं लागतं ते वेगळंच. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला बंद गाडी परवडते, कार्ट नाही.

गिअरबदल

गाडी कुठली हे कुणीच बोलत नाही! माझं स्पष्ट मत, गिअरवाली घ्या. क्लच, गिअर, टाच-चवडा एकत्र, म्हणजे एकाच उजव्या पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलायला गाडी चालवणं म्हणत नाहीत, ते दिव्याचं बटण दाबणं झालं.

वाटाड्या_रात्रीचा

गिअरबदल, बाबा फॉर्म्युला वन बघतात ना? तिथे पॅडल १९८९ पासून आहेत. पॅडलवाल्या फेरारी ६४० ने पहिलीच शर्यत, ब्राझीलची, ड्रायव्हर मॅन्सेलच्या हाती जिंकली. तेव्हाही लोक म्हणत होते की हे टिकणार नाही. बाबा इतकी वर्षं जे बघताहेत ते पॅडलच आहेत, त्यांना तेच हवं असेल.

गिअरबदल

तुमच्या बाबांना द्या पॅडल. माझ्यांना क्लच.

पिटलेन

भांडू नका. गुडघा कुठला ते आधी विचारा. डावा असेल तर क्लच विसरा, उजवा असेल तर ब्रेक किती जोरात दाबता येतो ते घरी उभ्या गाडीत करून बघा. बऱ्याच गाड्या डावीकडे स्टिअरिंगच्या असतात, ज्याला उजवीकडची सवय आहे त्याचा गिअरचा हात बदलतो. नवा ट्रॅक, नवी गाडी आणि उलटा हात, एवढं सगळं एका सत्रात नको.

अनवट

डावा गुडघा. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ओलीमाती, आईला विचारलं. ती म्हणाली "मी बाहेर बसेन, मला वेग नको." पण मग किती वेगाने जातात हे मात्र विचारून घेतलं.

ताई अजून म्हणतेच आहे की ६७ हे वय नाही या गोष्टींचं.

वाटाड्या_रात्रीचा

ताईंना सांगा. फॉर्म्युला वनच्या फांजिओने पाचवं जगज्जेतेपद १९५७ मध्ये मिळवलं तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. त्याच वर्षी नुर्बुर्गरिंगला पिटमध्ये वेळ गेल्यावर त्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडत पुढच्या दोघांना गाठलं, ते दोघेही त्याच्याहून कितीतरी तरुण. लुई शिरोन १९५५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पंचावन्नाव्या वर्षी उतरला आणि सहावा आला. नट पॉल न्यूमन १९७९ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरा आला तेव्हा ५४ चा होता, आणि १९९५ मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ गाड्यांच्या आपल्या वर्गात पहिला आला तेव्हा तो ७० वर्षांचा होता. बाबांना तर नुसत्या काही फेऱ्या मारायच्या आहेत, शेजारी माणूस घेऊन.

वैद्यबुवा

न्यूमन रोज गाडी मारत होता हो. उदाहरण छान आहे, पण त्यावर प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही.

जुनाट

आता मूळ प्रश्नावर लिहितो. इतका वेळ थांबलो कारण इथे सगळे देणारे बोलत होते. मी घेणारा आहे.

वय ७१. मुलाने अशीच भेट दिली, डोळे बांधून न्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी माझा परवाना पाकिटात सापडेना. मी सगळं घर पालथं घातलं, हिच्यावर चिडलो, पोलिसात कळवावं का इथपर्यंत गेलो. परवाना मुलाच्या खिशात होता. सकाळी "चला, एकाकडे जायचंय" म्हणून निघालो. मी पायात सँडल, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. ट्रॅकवर पोहोचल्यावर सँडल चालत नाहीत म्हणून मुलाचे बूट घातले, एक माप मोठे. पेडल कुठे आहे हे पायाला कळत नव्हतं. चष्म्याच्या जाड काड्या हेल्मेटमध्ये जाईनात, त्या घालता घालता मागचे लोक खोळंबले.

मजा आली का? खूप आली. हे खोटं सांगणार नाही. पण त्या फेऱ्यांतला पहिला अर्धा वेळ मी "हे काय चाललंय" यातच घालवला. जरा कुठे वळणं ओळखीची व्हायला लागली तर फेऱ्या संपल्याचा चौकड्यांचा काळापांढरा झेंडा आला. आधी कळलं असतं तर त्या ट्रॅकचे व्हिडिओ बघितले असते, नकाशा पाठ केला असता, पातळ तळव्याचे बूट घेतले असते, चष्मा बदलून घेतला असता. आमच्या वयाला एखाद्या दिवसाची वाट बघायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. त्याने भेट दिली, पण ती वाट बघायची मजा स्वतःकडेच ठेवली. महिनाभर तो आणि सूनबाई कुजबुजत होते, मजा त्यांनी केली.

दुसरं म्हणजे कुंपणापाशी सगळं कुटुंब फोन रोखून उभं. गाडीतून उतरलो तर पाय लटपटत होते, कान वाजत होते, मला जरा एकटं बसायचं होतं. पण सगळे "मजा आली ना? आली ना?" म्हणून चेहऱ्याकडे बघत होते, तेव्हा हसलो. व्हिडिओत तेच हसू आहे. खरं हसू ट्रॅकच्या मागच्या बाजूच्या लांब सरळ रस्त्यावर आलं होतं, तिथे कुणी नव्हतं.

तिरपागडे

म्हणजे मी म्हणत होतो तेच.

जुनाट

नाही हो. तुम्ही म्हणत होतात देऊच नका. मी म्हणतोय द्या, पण आधी द्या. आणि परत बोलावलं तर मी आज जाईन.

पाऊलवाट

जुनाटकाका, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "यांना मला भेटायचंय."

हळद

पण मग उघडताना आश्चर्याचा क्षण असतो, तो गेलाच ना? मला तर वाटतं लहानसं गुपित हवंच. माझ्या वडिलांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी "परत कर" म्हणून रद्द करायला लावलं असतं. काही आईबाप असे असतात की त्यांना दारातच उतरवावं लागतं.

बारीकनजर

हळद, गुपित राहू दे की. वाढदिवसाला पाकीट द्या, ते सरप्राइझ. तारीख पुढची घ्या, ती त्यांना ठरवू द्या. फक्त "परत कर" म्हणणाऱ्यांसाठी "परत होत नाही" हे आधी वाचून ठेवा.

गोगलगाय

होत असलं तरी होत नाही म्हणून सांगायचं.

अनवट

काल सांगून टाकलं. वाढदिवसापर्यंत थांबायचं होतं, पण बुकिंगचा मेल घरच्या सामायिक खात्यावर गेला आणि बाबांनी ताईला फोन करून विचारलं की आपलं खातं हॅक झालंय का. मग मी ट्रॅकचा नकाशा छापून समोर ठेवला.

आधी अपेक्षेप्रमाणे "कशाला उगाच" झालं. मग "परत होतं का?" झालं. (गोगलगाय, मी तुझंच उत्तर दिलं.) मग चष्मा लावून नकाशा बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे तिसरं वळण आत बंद होत जातं, इथे लोक फसत असतील." रात्री पाणी प्यायला उठलो तर बैठकीत त्याच ट्रॅकचा व्हिडिओ चालू होता, आवाज बंद करून. उजवा पाय जमिनीवर.

डॉक्टरांकडे ते स्वतःच गेले, होकार मिळालाय. गाडी पॅडलवाली ठरली, गिअरबदल यांची क्षमा मागून. ताई येणार आहे, पण रक्तदाबाचं मशीन घेऊन, आणि तिला कुंपणापासून लांब बसवायची जबाबदारी आईने घेतलीय. परतताना गाडी मी चालवणार हे बाबांनी अजून मान्य केलेलं नाही.

पिटलेन, एक प्रश्न त्यांनीच विचारायला सांगितलाय. पॅडलची गाडी असेल तर डावा पाय मोकळाच, मग टीव्हीवरच्यांसारखा डाव्या पायाने ब्रेक मारू का?

पिटलेन

नको. सांगा त्यांना, प्रश्न बरोबर आहे पण पाय चुकीचा. आयुष्यभर डाव्या पायाने क्लचच दाबलाय, त्याला एकदम तळापर्यंत जायची सवय. ब्रेकवर तो गेला की तसाच जाईल, आणि शेजारी बसलेल्या माझ्यासारख्याचं डोकं पुढे. हळूहळू सोडणं त्या पायाला येत नाही, ते शिकायला वेळ लागतो आणि सरावाची जागा भेटीच्या फेऱ्या नव्हेत. डावा पाय बाजूच्या टेकणावर घट्ट रोवून ठेवायचा, वळणात शरीर तोलायला तोच उपयोगी पडतो. गुडघ्यालाही बरं.

तिसऱ्या वळणाचं मात्र बरोबर ओळखलंय. तिथे घाई न करता उशिरा आत वळायचं. बाकीचे प्रश्न कागदावर लिहून आणायला सांगा, शेजारी जो कुणी असेल त्याला आवडेल.